एकटेपणामुळे मोबाईल, की मोबाईलमुळे एकटेपणा?

निशाचर
विद्यापीठातल्या मुलांना सोशल मीडियाचं व्यसन लागलं की सगळ्यांचा एकच सल्ला: मोबाईल आवरा. मला वाटतं, अडीअडचणीला हाक मारायला माणूस असेल तर मुलगा स्क्रोल करेल, पण अडकणार नाही. घर सुटलंय, वर्गात ओळखी जेमतेम, पेपर वाईट गेला तर सांगायचं कोणाला? असा आधार मोजायला मानसशास्त्रज्ञ झिमेट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये १२ विधानांची प्रश्नावली केली. घरचे, मित्र आणि एखादी खास व्यक्ती, असे त्यात तीन आधार. मदत किती वेळा मिळाली याची मोजदाद त्यात नाही. आपल्यामागे कोणी आहे असं वाटतं का, एवढंच बघितलंय. विद्यापीठांनी आधी तिथे लक्ष घालावं.

खडूस
साफ असहमत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! मित्रांचा गोतावळा असलेलीच जास्त अडकलेली दिसतात. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या आणि पाच मिनिटांत उत्तर गेलं नाही की लगेच 'रागावलास का?' अशा मित्रांमुळेच फोन हातातून सुटत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट प्रत्येकी दिवसाला १० मिनिटं, बस्स. तीन आठवड्यांत त्यांचा एकटेपणा कमी झाला. कोणी नवे मित्र आणून दिले नव्हते हो, नुसता वेळ कापला.

निशाचर
कापला, पण अर्धा तास ठेवलाच ना? आणि तो वाचलेला वेळ मुलांनी कोणाबरोबर घालवला असेल?

खडूस
तो तुमचा अंदाज झाला.

आडवाट
दोघंही जरा दमानं. दिवसाचे चार तास फोनवर गेले म्हणजे व्यसन, असं नाही. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये फेसबुकसाठी सहा प्रश्नांची मोजपट्टी केली, पुढे तीच सोशल मीडियासाठीही आली. कमी करायचं ठरवूनही जमत नाही का, बंद केलं की चिडचिड होते का, अभ्यासावर परिणाम होतो का, असं ती विचारते. तास विचारतच नाही. शिवाय बऱ्याच पाहण्यांत व्यसनाची आणि आधाराची प्रश्नावली एकाच बैठकीत भरून घेतात. त्यावरून आधी काय आणि नंतर काय, हे कसं ठरवणार?

मनमौजी
मला ऐकू कमी येतं. कॅन्टीनमध्ये सहा जण एकदम बोलायला लागले की मी नुसती हसरा चेहरा करून बसते. कोण काय बोललं ते कळेपर्यंत विषय बदललेला असतो. रात्री ग्रुपवर तीच मंडळी लिहून बोलतात, तेव्हा कुठे मी गप्पांत येते. फोन काढून घेतलात तर माझा आधारच काढून घेताय.

खडूस
हे मान्य. पण तुम्ही तिथे माणसांशी बोलता. माझा राग आहे तो तासन्‌तास रील्स बघत बसणाऱ्यांवर.

मनमौजी
ॲप एकच आहे हो! मैत्रिणीला उत्तर द्यायला उघडते, बोट चुकून रील्सवर जातं आणि पाऊण तास गेला. त्या दोन्ही प्रश्नावल्या मलाही भरायला दिल्यात तर आधारही चांगला दिसेल आणि व्यसनही. मेसेज आणि रील्स वेगळे करून द्या, मग मी तुमच्या बाजूने.