मदत हवी आहे: सरकारी जीपने धडक दिली, भरपाईचा दावा कोणावर?

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाला पारोळा-अमळनेर रस्त्यावर सरकारी जीपने मागून धडक दिली. मांडीचं हाड मोडलं, आत रॉड टाकलाय. कपाशीची वेचणी तोंडावर आणि हा खाटेवर. एफआयआर, पंचनामा झालाय. दवाखान्याची बिलं जपून ठेवलीत.

गोची अशी की जीप ड्रायव्हर नाही, एक कर्मचारी स्वतः चालवत होता आणि दिवस रविवारचा. खातं म्हणतं, तो खासगी कामाला गेला होता, आमचा संबंध नाही. तो म्हणतो, ड्युटीवरच होतो. मी थोडं वाचलं. राजस्थानात जिल्हाधिकाऱ्यांची जीप दुरुस्तीहून परत आणताना ड्रायव्हरने एकाला उडवलं, त्यात 1962 साली सुप्रीम कोर्टाने सरकारला जबाबदार धरलं होतं. पण तिथे ड्रायव्हर पगारी होता. आमच्या प्रकरणात हे चालेल का? लॉगबुकची नक्कल माहिती अधिकारात मागावी म्हणतो.

शिवाय सरकारी गाड्यांना विम्याची सूट असते म्हणे, मग पैसे कोण देणार? मोटार अपघात न्यायाधिकरणात जाण्याआधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते का? कायद्यात आता सहा महिन्यांची मुदत आहे आणि आमचे चार सरलेत, म्हणून घाई.

वडील एकच म्हणतात, "सरकारसंगे भांडीसन काय भेटस?" जळगाव-धुळ्याकडे कोणी असा दावा लढला असेल तर कृपया सांगा.