बदलापूर ते करी रोड : चोविसाव्या वर्षी वेळ राखावा की पैसा?

बदलापूरकर२४ यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वय २४ असून गेल्या वर्षापासून मी लोअर परळच्या एका कार्यालयात नोकरी करतो. घर बदलापूरला, आईवडिलांसोबत. दादरला फास्ट गाडी सोडायची, स्लो पकडायची आणि करी रोडला उतरून पूल ओलांडत चालत जायचे, यात जाऊनयेऊन रोज साडेतीन तास जातात. २२ दिवसांचे ७७ तास होतात. हातात ३६,००० रुपये येतात आणि घरी १०,००० देऊन, पास व किरकोळ खर्च वजा जाता साधारण १५,००० शिल्लक राहतात. आता दोन सहकारी परळला खोली घेत आहेत. माझ्या वाट्याचे भाडे १३,००० होईल आणि जेवणाचा खर्च वेगळा, म्हणजे शिल्लक जवळजवळ संपलीच.

यशस्वी कसे व्हावे यावरची व्याख्याने मी पुष्कळ ऐकली आहेत, ती नकोत. या वयात तुम्ही काय सांभाळलेत आणि काय हातचे घालवलेत, एवढेच प्रामाणिकपणे सांगावे. जाता जाता आणखी एक : कार्यालयातील एका मित्राने पतपेढीच्या कर्जासाठी जामीन राहशील का, असे विचारले आहे. त्यात काही अडचण असते का?

चाळकरी

तुम्ही ज्या पुलावरून कार्यालयात जाता, त्याच पुलावरून माझे वडील पाळीला जात असत. ते कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर विणकामाला होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा मी २० वर्षांचा होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. वडिलांच्या हाताला दोन साचे सहज सांभाळण्याची सवय होती, पण गिरणीच्या फाटकाबाहेर त्या सवयीला कोणी चार आणेही देणार नव्हते, आणि हे त्यांना ४६ व्या वर्षी कळले.

त्या काळात आमचे घर तगले ते दोन गोष्टींवर. आई आधीपासून गावाकडच्या आठ-दहा माणसांची खाणावळ चालवत असे. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले होते आणि त्यामुळे त्यांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळू लागले होते. पुढे आईनेही तोच मार्ग धरला. दुसरी गोष्ट म्हणजे वडिलांचे भजनी मंडळ. त्यातला पखवाजवाला एका छापखान्यात होता, त्याच्या शब्दावर वडिलांना तिथे बांधणीचे काम मिळाले. गिरणीतले सगळे सोबती त्यांच्यासारखेच रिकामे बसले होते, त्यामुळे ते इच्छा असूनही उपयोगी पडू शकत नव्हते.

म्हणून माझे सांगणे असे, की नोकरीशी संबंध नसलेले एक कसब आणि नोकरीबाहेरची दहा माणसे या वयात जोडावीत. ७७ तास वाचवून ते कोणाला देणार, याचे उत्तर तुमच्याकडे नसेल तर घर सोडू नये. आईवडिलांच्या हातचे गरम जेवण हीसुद्धा मिळकतच आहे, फक्त ती पगारपत्रकावर दिसत नाही.

हिशेबनीस

काकांचे पहिले म्हणणे मान्य आहे, शेवटचे नाही. मी नऊ वर्षे विरार ते चर्चगेट उभ्याने प्रवास केला आणि पैसे वाचवले. त्या नऊ वर्षांत साडेपाच तासांहून अधिक झोप क्वचितच मिळाली, आणि त्याची वसुली माझ्या पाठीने चाळिशीच्या आतच सुरू केली. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप आणि आठवड्याला १५० मिनिटे तरी दमदार चालणे हवे असते. तुमच्या वेळापत्रकात ते कुठे बसते, हे आधी कागदावर मांडून पाहा. बसत नसेल तर अकरा महिन्यांचा करार करून राहून बघावे. अकरा महिन्यांनी काही आयुष्य संपत नाही.

आता जामिनाविषयी, कारण जाता जाता विचारलेला हा प्रश्नच मला सर्वांत गंभीर वाटतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. पतपेढीने आधी कर्जदाराच्या मागे लागावे आणि मगच तुमच्याकडे यावे, असे बंधन नसते. मी २६ व्या वर्षी ओळखीखातर सही केली. तो गृहस्थ शहर सोडून गेला आणि पुढची तीन वर्षे माझ्या पगारातून हप्ता कापला जात होता. माणूस वाईट नव्हता, त्याचा धंदा बसला. मित्राला मदत करायचीच असेल तर परत आली नाही तरी चालेल एवढी रक्कम हातात द्यावी, सही देऊ नये.

इतर गोष्टी थोडक्यात सांगते. क्रेडिट कार्डाची पूर्ण रक्कम दर महिन्याला भरावी, कारण थकबाकीवरचे व्याज वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास जाते. नोकरी बदलताना भविष्य निर्वाह निधी काढून न घेता नव्या खात्यात वर्ग करावा. सलग पाच वर्षे सेवा होण्याआधी काढल्यास त्यावर कर लागतो. कार्यालयाने आईवडिलांना आरोग्य विम्यात घेतले असले तरी त्यांचा स्वतंत्र विमा आजच उतरवावा. नोकरी सुटली की कार्यालयाचे छत्र जाते, आणि नव्या विम्यात आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते.

दादर_स्लो

मी तीन वर्षांपूर्वी कल्याण सोडून परळला राहायला आलो, म्हणून अनुभवाने लिहितो. रोजचे अडीच तास वाचले आणि पहिले आठ महिने ते सगळे मोबाइलने खाल्ले. शिवाय घर जवळ आहे हे साहेबांच्या लक्षात आल्याने संध्याकाळी उशिरापर्यंत थांबणेही माझ्याकडेच आले. पुढे एका शेजाऱ्याने सकाळी शिवाजी पार्कला ओढून नेले. तिथल्या कट्ट्यावर जमलेल्या ओळखीमुळे दिवसाला थोडा आकार आला, नाहीतर मी परतच गेलो असतो. खोली घ्यायची असेल तर आधी कार्यालयातून निघण्याची वेळ ठरवून घ्या आणि नवा पत्ता फार कोणाला सांगत बसू नका.

बदलापूरकर२४

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. हिशेबनीस ताई, जामिनाचा अर्ज भरलेला माझ्या बॅगेतच होता, फक्त सही राहिली होती. आज दुपारी तो मित्राला परत दिला आणि जमतील तेवढे ८,००० रुपये दिले. तो थोडा नाराज झाला आहे.

खोलीचा निर्णय अजून झालेला नाही. चाळकरी काकांनी विचारलेल्या प्रश्नाचे माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे : शाळेत असताना चार वर्षे तबला शिकलो होतो, दहावीला सोडला. परळ-लालबाग भागात संध्याकाळी साडेसातनंतर मोठ्या मुलांना तबला शिकवणारे कोणी आहे का?

चाळकरी

आहेत. आमच्याच चाळीत पहिल्या मजल्यावर एक गुरुजी मंगळवारी आणि शुक्रवारी शिकवतात, आणि तुमच्यापेक्षा दुप्पट वयाचे शिष्यही त्यांच्याकडे येतात. व्यक्तिगत निरोप पाठवा, पत्ता देतो. येताना डग्गा आणू नका, गाडीत फुटेल.