५०० जण, पण कुठले?
भावा, रंकाळ्यावर संध्याकाळी ५०० जणांना विचारलंस आणि 'निम्म्याहून जास्त कोल्हापूरकर रोज चालतात' असं वर लिहिलंस. मोजणी चुकली असं नाही, पण ती रंकाळ्यावर आलेल्यांची आहे. जे चालत नाहीत ते तिथं येतीलच कशाला? ५०० चे ५,००० केलेस तरी हा दोष जात नाही, उलट चुकीच्या उत्तरावरचा विश्वास तेवढा वाढतो.

१९३६ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कोण होणार याचा अंदाज घ्यायला 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकानं सुमारे १ कोटी नमुना मतपत्रिका पाठवल्या, बऱ्याचशा टेलिफोन आणि मोटारवाल्यांना. २० लाखांवर परत आल्या, कौल लँडन या उमेदवाराला. प्रत्यक्ष निवडणुकीत त्याच्या विरोधातल्या रूझवेल्टनं ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली! नुसती यादीच एकांगी होती असं नाही, उत्तर पाठवण्याची हौस असलेलेही वेगळेच होते. हे दुसरं कारण लोक विसरतात.

तुला जमेल असं सांगतो. प्रभागवार मतदारयाद्या घे, प्रत्येक प्रभागातून मतदारसंख्येच्या प्रमाणात चिठ्ठ्या टाकून नावं काढ. म्हणजे शिवाजी पेठही येईल, कसबा बावडाही. (१८ वर्षांखालची पोरं सुटतात, तेवढं लिहून टाक.) आणि दार बंद दिसलं म्हणून शेजारच्याला विचारून मोकळा होऊ नकोस, पुन्हा जा. चालणारा गडी नेमका त्या वेळी फिरायला गेलेला असायचा.