अचानक गेलेल्याचं रक्त तपासून ‘हार्ट अटॅक’ ठरवता येईल?

रात्रपाळी: पस्तिशीतला माणूस जिममध्ये कोसळतो, पीएम (शवविच्छेदन) होतं आणि कागदावर येतं, ‘मत राखून, व्हिसेरा जतन’, म्हणजे कारण आत्ता सांगत नाही, अवयवांचे नमुने तपासणीसाठी ठेवलेत. मग घरच्यांचे पोलीस ठाणं, प्रयोगशाळा, विमा कंपनी असे हेलपाटे. तासाभरात माणूस गेला, तर मायक्रोस्कोपखाली हृदय जवळपास ठणठणीत दिसतं. स्नायू मेल्याच्या ठळक खुणा उमटायला साधारण ४ ते १२ तास लागतात. रसायनं मात्र इतकी थांबत नाहीत. रक्तपुरवठा तुटल्यावर काही सेकंदांत हृदय मेदाम्लं जाळणं सोडून ग्लायकोलिसिसवर, म्हणजे ऑक्सिजनविना साखर फोडण्यावर येतं; त्यातून निघणारं लॅक्टेट आणि अर्धवट जळालेल्या मेदाम्लांची अ‍ॅसिलकार्निटिन साचतात. मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणारं मशीन, हे सगळं एका झटक्यात वाचते. अशा प्रत्येक पीएममध्ये ही तपासणी सक्तीची करा.

लॅबवाले_तात्या: अहो, लॅक्टेट मेल्यावर सगळ्यांचंच वाढतं! गळफासवाल्याचं, बुडालेल्याचं, अंथरुणात गेलेल्या आजोबांचंही. तांबड्या पेशी साखर खात राहतात. पोटॅशियम बाहेर झिरपून आकडा असा चढतो की जिवंत पेशंटचा असता तर वॉर्डात पळापळ झाली असती. म्हणून तर रक्ताऐवजी डोळ्यातला व्हिट्रिअस द्रव काढतात, तो उशिरा बिघडतो. त्यातही साखर भरपूर निघाली तरच मधुमेहाकडे बोट दाखवता येतं. कमी निघाली तर काही सिद्ध होत नाही.

रात्रपाळी: एकट्या लॅक्टेटवर निकाल द्या असं कोण म्हणतंय? शेकडो रेणूंचा एकत्रित नमुना बघायचा, आणि तुलना जिवंतांशी नाही, तितकेच तास उलटलेल्या इतर मृतांशी. उंदरांवर हे करून पाहिलंय.

शवागार_कट्टा: उंदीर ठरल्या मिनिटाला मारतात. आमच्याकडे तालुक्याहून बॉडी येते, रात्रभर बर्फावर, नाहीतर बर्फाविनाच. शिवाय आणण्याआधी कुणीतरी छाती दाबलेली, अ‍ॅड्रेनलिन टोचलेलं असतं. त्यानं साखर आणि लॅक्टेट दोन्ही चढतात, छाती दाबल्यानं ट्रोपोनिनही (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन) वाढू शकतं. आता सांगा, यातलं रोगाचं किती आणि उपचाराचं किती? रक्त मांडीच्या शिरेतून घ्यायचं, पण घाईत हृदयातूनच ओढतात. साखर टिकवायला सोडियम फ्लोराइड बाटलीत असतं खरं, पण तोवर साखर संपलेली. त्यापेक्षा हृदयाचे काप टीटीसी या रंग देणाऱ्या रसायनाच्या द्रावणात बुडवा: अटॅकमधून वाचलेला स्नायू विटकरी लाल होतो, अटॅकनं मेलेला फिका राहतो. स्वस्त आहे. तेही अटॅकला काही तास झाले असतील तरच उपयोगी, हे कबूल.

मीरा_कु: तरुण माणूस, हृदयाच्या रक्तनळ्या साफ, हृदय नॉर्मल, तर लाँग क्यूटी किंवा ब्रुगाडा, म्हणजे हृदयाचे ठोके बिघडवणारा आनुवंशिक आजार असू शकतो. जनुकं तपासायला थोडं रक्त ईडीटीएत (रक्त गोठू न देणारं रसायन) ठेवा आणि भावंडांचा ईसीजी काढा. मेलेल्याच्या लॅक्टेटपेक्षा ते तातडीचं.

रात्रपाळी: ते कराच. पण नळ्या अर्धवट बुजलेल्या असतील तर? तशा नळ्या घेऊन माणसं वर्षानुवर्षं जगतात. त्या दिवशी अटॅकनंच गेला की आणखी कशानं, हे जनुकं नाही सांगणार.

लॅबवाले_तात्या: तुमचं मशीनही आज नाही सांगत. संशोधन करा, सक्ती नको. कोर्टात समोरचा वकील पहिल्यांदा हेच विचारणार: रक्त कुठल्या शिरेतून काढलं आणि किती वाजता? तेवढं तरी आधी प्रत्येक पीएममध्ये लिहायला लावा, मग मशीन मागा.