सिस्टिमवर सापडलेलं सॉफ्टवेअर पॅकेज मॅनेजरने गृहीत धरावं का?

पाऊलवाट
स्पॅक हा सोर्सकोडवरून सॉफ्टवेअर बिल्ड करून बसवणारा पॅकेज मॅनेजर. त्यात 'स्पॅक एक्सटर्नल फाइंड' ही कमांड आहे. मशीनवर आधीपासून असलेलं जीसीसी (कंपायलर), सीमेक (बिल्ड करायचं साधन), पर्ल, ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) वगैरे ती हुडकते आणि पॅकेजेस.यॅमल या फाइलमध्ये नोंदवते, म्हणजे स्पॅक ते पुन्हा बिल्ड करत नाही. वेळ खूप वाचतो, मान्य. पण माझं ठाम मत आहे की प्रोग्रामला जे लिंक होतं, म्हणजे ज्या लायब्ररी तो वापरतो, ते या शोधाच्या भरवशावर सोडू नये.

माझ्याकडून झालेली चूक सांगतो. कोंडा या दुसऱ्या पॅकेज मॅनेजरचं एन्व्हायर्नमेंट चालू असतानाच मी ही कमांड दिली. ती पाथमध्ये, म्हणजे कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत, शोधते, त्यामुळे एनकर्सेस (टर्मिनलच्या स्क्रीनसाठीची लायब्ररी) सापडलं ते कोंडाच्या फोल्डरमधलं. लिंक करताना त्या फोल्डरची वाट आरपाथमध्ये (लायब्ररी कुठे शोधायची याची प्रोग्राममध्येच लिहिलेली यादी) गेली आणि तिथलीच जुनी सी++ लायब्ररी लोड व्हायला लागली. बिल्ड विनातक्रार झालं. प्रोग्राम चालवला तेव्हा 'जीएलआयबीसीएक्सएक्स ३.४.३० सापडत नाही', म्हणजे सी++ लायब्ररी हवी तितकी नवी नाही. दोन दिवस मी कंपायलरलाच दोष देत होतो.

निळीशाई
पूर्ण असहमत. चूक पाथची होती, शोधाची नाही.

तुम्ही क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक मशीनवर, काम केलंय का? तिथलं एमपीआय (प्रोग्रामच्या भागांमध्ये संदेश पाठवणारी लायब्ररी) त्या मशीनच्या नेटवर्कसाठी आणि कामं वाटून देणाऱ्या स्लर्मसाठी जुळवलेलं असतं. स्वतःचं एमपीआय नीट कॉन्फिगर न करता बिल्ड केलंत तर इन्फिनिबँडचं वेगवान नेटवर्क असूनही संदेश साध्या टीसीपीवरून जाऊ शकतात, आणि एररही दिसत नाही, नुसतं सगळं संथ होतं. लिंक होणारी गोष्टच तिथे सिस्टिमची हवी.

दुसरं, सुरक्षा. २०१४ साली ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही सुरक्षा-त्रुटी उघड झाली तेव्हा सिस्टिमचं ओपनएसएसएल अपडेट करून सर्व्हिसेस रीस्टार्ट केल्या की काम भागत होतं. ज्यांनी आपापल्या प्रती बिल्ड केल्या होत्या त्यांना प्रत्येक प्रत शोधत बसावं लागलं.

पाऊलवाट
एमपीआयबद्दल तुमचं बरोबर आहे, तेवढा अपवाद मी करायला हवा होता. पण ती नोंद क्लस्टरची माहिती असलेला माणूस हाताने लिहितो, पुढे 'बिल्डेबल: फॉल्स' (स्पॅकने हे स्वतः बिल्ड करू नये) घालतो. पाथमध्ये पहिलं जे सापडलं ते उचललं, असं तिथे कोणी करत नाही.

तिसराडोळा
मुळात ही कमांड काय बघते ते पाहा. जी पॅकेजेस ती शोधू शकते त्यांतल्या बहुतेकांच्या रेसिपीत (पॅकेज कसं बिल्ड करायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) एक्झिक्युटेबलच्या, म्हणजे चालवायच्या फाइलच्या, नावाचा पॅटर्न असतो. तशी फाइल दिसली की ती चालवून व्हर्जन विचारायचं आणि उत्तरातला आकडा उचलायचा. सीमेकसाठी हे पुरेसं आहे, कारण सीमेक चालवायचंच असतं. ओपनएसएसएलची गोष्ट वेगळी. कमांड मशीनवर असते, लायब्ररी वापरून बिल्ड करायला लागणाऱ्या हेडर फाइल्स मात्र वेगळ्या डेव्ह पॅकेजमध्ये, आणि ते बऱ्याचदा टाकलेलं नसतं. नोंद होते आणि बिल्ड अर्ध्यात मोडतं. म्हणजे प्रोग्राम आहे यावरून लायब्ररी आहे असं ठरवलं जातं. माझ्या मते खरा दोष हा आहे.

निळीशाई
मग हेडर तपासायची सोय वाढवा, कमांड कशाला टाळायची?

गारगोटी
हार्टब्लीडच्या मुद्द्यात अर्धीच बाजू आली. आपोआप दुरुस्ती मिळते ती लायब्ररीचा एबीआय (बिल्ड झालेल्या प्रोग्रामशी तिचा जोड) तोच राहिला तर. उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर गेलात की ओपनएसएसएल १.१.१ चं ३.० होतं, आणि जुन्या लायब्ररीला लिंक झालेले प्रोग्राम अडतात. पॅकेजेस.यॅमलमध्ये मात्र अजून १.१.१ च लिहिलेलं असतं. ती नोंद शोधाच्या दिवसाची आहे, नंतर काय बदललं ते स्पॅक स्वतःहून बघत नाही. निक्स हा पॅकेज मॅनेजर सिस्टिमचं काही घेत नाही ते यासाठीच, पण मग जीलिबसीसुद्धा (लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी) स्वतःची बाळगावी लागते.

पाऊलवाट
@तिसराडोळा, हे मला माझ्या चुकीपेक्षा मोठं वाटतं. आता मी कोंडा बंद करून, पॅकेजांची नावं देऊनच शोधतो: सीमेक, पर्ल, ऑटोकॉन्फ. ओपनएसएसएल सिस्टिमचं घेतो, पण डेव्ह पॅकेज आहे हे डोळ्यांनी पाहिल्यावरच. एनकर्सेस आणि झेडलिब स्पॅकलाच बिल्ड करू देतो, त्यांना वेळ तरी कितीसा लागतो.