शेवटची सुट्टी : घरच्या फौजी माणसाबद्दल लिहा

आमच्या सातारा भागात फौजी घर ओळखायला दारावर पाटी लागत नाही, बोलण्यातून कळतं. बाकीच्या घरांत "त्या दुष्काळात", "त्या यात्रेला" असं म्हणतात. आमच्याकडे म्हणतात, "तो मधल्या सुट्टीत आला होता ना, तेव्हा."

जवळच आपशिंगे आहे, नावापुढे मिलिटरी लागणारं गाव. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण गेले. त्यांच्या स्मरणाचा दगड गावात आहे. लहानपणापासून तो बघते आहे. त्या 46 जणांतला कोण घरी शेवटचा कधी आला, काय जेवला, वेशीतून मागे वळून बघितलं का, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. आपल्या माणसांचं असं होऊ नये, एवढ्यासाठी हा धागा. कसा गेला ते पलटणीच्या कागदात असतं. शेवटच्या सुट्टीत घरी कसा होता, ते लिहा. पलटणीतल्या जोडीदारांनीही लिहा.

सुरुवात माझ्यापासून.

माझा थोरला भाऊ बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलात, खडकीच्या सेंटरचा. डिसेंबर 2001 मध्ये दोन महिन्यांची सुट्टी काढून आला. 13 तारखेला संसदेवर हल्ला झाला आणि आठवड्याच्या आत तार आली, सुट्टी रद्द. तो तेव्हा गोठ्यावर पत्रे घालत होता, निम्मे झाले होते. संध्याकाळची गाडी होती, तरी दुपारपर्यंत वरच. दादांनी खालून हाक मारली, "आरं राहू दे, मी करतो बाकीचं." तो म्हणाला, "एवढं वाशाचं बांधतो आन् उतरतो."

त्या हल्ल्यानंतर सीमेवर फौज लावली, ते ऑपरेशन पराक्रम. त्यात राजस्थानच्या सीमेवर सुरुंग पेरायचं काम सॅपर्सकडे होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यातच तो गेला.

सॅपरला दोर आणि गाठी शिकवतात, पूल बांधायला. गोठ्याची तार त्याने तशीच बांधली होती : दोन वेढे, मध्ये आडवा पीळ, आणि टोक आत वळवलेलं, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. उरलेली बाजू पुढे दादांनी बांधली, तिथली टोकं बाहेर आली आहेत. मागच्या वर्षी पत्रे बदलले. त्याच्या बाजूची तार दादांनी कापू दिली नाही. ऐंशीच्या घरातला माणूस, पक्कड घेऊन एकेक पीळ उलटा सोडवत बसला. चोवीस तुकडे निघाले. डब्यात ठेवले आहेत.

हवालदार (निवृत्त), मराठा लाइट इन्फंट्री, गडहिंग्लज तालुका

ताई, लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

कुपवाड्याला वरच्या पोस्टवर होतो. बर्फ पडून रस्ता बंद व्हायच्या आत एक शेवटची सुट्टी पार्टी खाली जाते. ती चुकली की मग तीन-चार महिने कुणी हलत नाही. यादीत नाव माझ्या बडीचं, म्हणजे पलटणीतल्या जोडीदाराचं होतं, माझं नव्हतं. माझी बायको बाळंतपणाला टेकलेली. मी तोंडातून शब्द काढला नव्हता. त्यानंच परस्पर सुभेदार साहेबांना गाठलं आणि नावं बदलून घेतली. मला म्हणाला, "माझी म्हातारी काय पळून चालली न्हाई, मार्चात जाईन."

मुलगी झाली, मी बारसं करून निघालो. वर जायला वाट बंद, ट्रान्झिट कॅम्पमध्ये अडकून पडलो. तिथंच कळलं, गस्तीवर बर्फाचा कडा आला आणि तिघं गेले. त्याची शेवटची सुट्टी मी माझ्या घरात काढली, दुसरं काय सांगू.

त्याचं गाव चंदगडकडं. दरवर्षी बेंदराला जातो. आई पुरणपोळी वाढतात, पुढ्यात बसतात आणि न चुकता विचारतात, "त्या दिवशी जेवून गेला हुता का रं?" मी सांगतो, जेवला होता आई, गरम चपाती, वरण, तुमचं लोणचं. दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

तिथं असलेल्या पोरांनी मला खरं सांगितलंय. पहाटे चारला नुसत्या चहावर निघाले होते, लंगर, म्हणजे जेवण, परत आल्यावर होता. हे मी आजवर बायकोलाही बोललो नाही. आईंना वाचता येत नाही म्हणून इथं लिहितोय.

मुलगी, मालवण

तुमच्या तारेच्या गाठी वाचल्या आणि हातातलं काम बाजूला ठेवलं.

माझे बाबा आयएनएस खुकरीवर स्टोकर होते. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवसमोर पाकिस्तानी पाणबुडीने खुकरीला टॉर्पेडो मारला. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक बोटीबरोबर गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी बोट सोडली नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. बाबा इंजिनाकडे, म्हणजे अगदी तळाशी. मी दोन वर्षांची होते.

शेवटची सुट्टी गणपतीची. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटी बांधतात, रानातली फळं, कवंडळं, आंब्याचे टाळे. त्या वर्षी ती बाबांनी बांधली. आई सांगायची, असल्या गाठी घातल्या होत्या की विसर्जनानंतर काकांना एक सुटेना. बाबा हसत होते, म्हणाले, ही बोटीची गाठ, ओढाल तेवढी घट्ट बसते, उलटी ढकला म्हणजे सुटेल.

बाबांना कुणी आणून दिलं नाही. आईने कुंकू पुसलं नाही. गावाने पहिली काही वर्षं बोलून घेतलं, मग गप्प झाले. ती म्हणायची, "मी बघूक नाय." एवढंच. 2011 साली तिला दीवला नेलं. टेकाडावर स्मारक आहे, काचेच्या पेटीत खुकरीची छोटी प्रतिकृती, तोंड समुद्राकडे. आईने काचेला हात लावून विचारलं, "इंजिन खंयच्या बाजूक?" तिथल्या माणसाने दाखवलं. तिने त्या बाजूला घरून आणलेलं गणपतीचं सुपारीफूल ठेवलं, आणि मग पुष्कळ वेळ ती समुद्राकडे बघत बसली, मला जवळ न घेता.

पत्नी, बुलडाणा जिल्हा

मला एक विचारायचं आहे आणि इथेच विचारता येईल असं वाटलं. माझे यजमान गोळीने गेले नाहीत. रेल्वे स्टेशनवरून जवानांना घेऊन युनिटकडे परत येताना अरुणाचलात गाडी दरीत गेली, गाडी तेच चालवत होते. कागदावर लिहून आलं, फिजिकल कॅज्युअल्टी. लढाईत गेलेल्याच्या घरी शेवटच्या पगाराइतकी पेन्शन येते, आम्हाला त्याच्या 60 टक्के. पैशाचं मी सांभाळून नेलं. पण गावात पुढे शहिदांच्या नावांचा फलक लागला तेव्हा त्यांचं नाव नव्हतं. विचारायला गेले तर एकाने ऐकवलं, "वहिनी, अपघात तर एसटीलाही होतो."

वर्दी अंगावर होती. घरापासून तीन हजार किलोमीटरवर, त्या रस्त्यावर ते काय हौसेने गेले होते?

कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर 2015 मध्ये कुपवाड्यात गेले आणि दोन वर्षांत स्वातीताई स्वतः लेफ्टनंट झाल्या, तेव्हा जो तो मला त्यांचा फोटो दाखवायचा. त्यांच्याबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. पण माझ्या वाट्याला जे आलं ते म्हणजे रांग आणि अर्ज, आणि तेही रोज उठून करावंच लागतं.

शेवटच्या सुट्टीत त्यांनी मला स्कूटी शिकवली. शेताच्या रस्त्याला मागे धरून पळायचे. एकदा मी मागे न बघता बोलतच होते, आणि उत्तर येईना. ब्रेक मारून पाहिलं तर हे लांब बांधावर उभे, दोन्ही हात वर केलेले, धरलेलं केव्हाच सोडलं होतं. सैनिक कल्याण कार्यालयात मी त्याच स्कूटीवर जाते, एका बाजूने 48 किलोमीटर.

*(धागा काढणारी)* ताई, त्यांचं नाव फलकावर असायलाच हवं होतं. इथे फरक नाही. आमच्या भावाचं नाव लागतं त्याच ओळीत तुमच्या यजमानांचं.

मुलगा, अमरावती जिल्हा

जय भीम. वडील महार रेजिमेंटमध्ये, 1987 साली शांतिसेनेतून श्रीलंकेला गेले. ऑक्टोबरात जाफन्याची लढाई सुरू झाली, नोव्हेंबरात अस्थिकलश घरी आला. त्याच महिन्याच्या 25 तारखेला आठव्या महारचे मेजर परमेश्वरन गेले, त्यांना परमवीर चक्र मिळालं. लोकांना त्या लढाईतलं तेवढं एक नाव आठवतं, तेही थोड्यांना. कारगिलचा 26 जुलै शाळेत साजरा होतो. श्रीलंकेचा दिवस कोणता, हे मला कुणी विचारलंसुद्धा नाही. परक्या देशात, परक्यांच्या भांडणात गेलेल्या माणसाचा अभिमान कसा धरायचा, हे मला लहानपणी कळत नव्हतं. मोठेपणी त्यांच्या पलटणीतली माणसं भेटली, ती त्यांच्याबद्दल ज्या मायेने बोलली, त्यावरून कळायला लागलं.

शेवटची सुट्टी बुद्धपौर्णिमेची. विहाराची भिंत त्यांनी चुन्याने रंगवली आणि उरलेल्या चुन्याने आमच्या दाराबाहेर माझी उंची मारून ठेवली, पुढच्या सुट्टीत मोजायला.

2019 मध्ये दिल्लीला राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं. त्यागचक्राच्या भिंतीत एकेका विटेवर एकेक नाव. दीड तास शोधत होतो. सापडलं ते माझ्या छातीच्या उंचीवर. मी त्या विटेवर हात ठेवला तर ती उन्हाने तापलेली होती.

नायक (निवृत्त), सोलापूर

मी एस्कॉर्ट गेलेलो आहे, दोनदा. पार्थिवाबरोबर गावी जातो तो. त्याआधीचं एक काम घरच्यांना माहीत नसतं. त्याची काळी ट्रंक उघडून यादी करतात, अधिकाऱ्यासमोर, एकेक वस्तू बोलून. टॉवेल एक. दाढीचं सामान एक. पासबुक एक. पत्रं, बंडल एक, पत्रं वाचायची नाहीत. सगळे खालच्या आवाजात बोलतात, जणू तो शेजारी झोपलाय.

दुसऱ्या वेळी तळाला भाजलेल्या शेंगांची पिशवी निघाली, निम्मी संपलेली, तोंडाला रबर. सुट्टीवरून येताना आणलेल्या. लिहिणाऱ्याचा पेन थांबला. खाण्याची वस्तू यादीत धरत नाहीत. साहेब उठून बाहेर गेले, परत आले आणि म्हणाले, "लिहो. मूंगफली, एक थैली." मी ती पिशवी वरच्या कपड्यात ठेवली, दबून चुरा होऊ नये म्हणून. गावी बंदुकीच्या फैरी झाल्या, लास्ट पोस्ट वाजलं, घडी केलेला तिरंगा त्याच्या वडिलांच्या हातात दिला, इथपर्यंत मी ताठ होतो. रात्री त्याच्या आईने ट्रंक उघडली तेव्हा मात्र मी मागच्या दाराने परसात गेलो.

नातू, खटाव तालुका

आजीला हे सगळं वाचून दाखवलं. माझे काका 1999 मध्ये कारगिलच्या लढाईत द्रासला गेले. त्यांच्या शेवटच्या सुट्टीबद्दल ती सांगते तसं लिहितो :

"दिवाळीला आला हुता. भाऊबीज झाल्यावर गेला. मी भुईमुगाच्या शेंगा भाजून दिल्या, पायलीभर. म्हनला, आई एवढ्या कोन खातंय. म्या म्हनलं, पोरांना दे."

सोलापूरच्या काकांचं वाचताना तिने मला मध्येच थांबवलं. शेंगांचं पुन्हा वाच म्हणाली. पुन्हा वाचलं. मग उठून आतल्या खोलीत गेली, ट्रंक ओढल्याचा आवाज आला. इतक्या वर्षांत आम्ही कुणी तिला ती ट्रंक उघडताना पाहिलेलं नव्हतं. खालपर्यंत सगळं काढून बघितलं तिने, कागदसुद्धा उलगडून.

बाहेर आली ती पदराने हात पुसत.

"आपल्यात न्हाईत शेंगा," म्हणाली. "सगळ्या खाल्ल्या त्यानं."