मदत हवी आहे: अपघातात समोरचा चालक चूक नाकारतो; विमा दाव्यात दोष अर्धा-अर्धा लिहावा का?

डिचोलीचा_रहिवासी

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्याच्या १४ तारखेला सकाळी साडेदहाच्या सुमारास मी आईला घेऊन डिचोलीहून म्हापशाला निघालो होतो. अस्नोड्याजवळ डाव्या हाताचा एक आतला रस्ता मुख्य रस्त्याला येऊन मिळतो. त्या रस्त्याने आलेली एक मोटार उजवीकडे वळण्यासाठी न थांबता मुख्य रस्त्यावर शिरली आणि तिचे तोंड माझ्या गाडीच्या डाव्या पुढच्या मडगार्डावर आणि दरवाज्यावर आदळले. आई त्याच बाजूला बसली होती. तिच्या मनगटाचे हाड मोडले असून प्लास्टर अजून उतरलेले नाही. मला काही लागले नाही.

समोरच्या मोटारीत पर्यटक होते आणि चालक पुण्याचा होता. जागेवर त्याने हात जोडून ‘रस्ता ठाऊक नव्हता, सगळा खर्च देतो’ असे सांगितले; दोन दिवसांनी मात्र त्याची भाषा पालटली. आता त्याचे म्हणणे असे आहे की मी भरधाव होतो, तिठ्यावर तो आधी पोहोचला होता आणि त्यामुळे किमान निम्मा दोष माझा आहे. मोटारीची पाटी पांढरी, म्हणजे खासगी वाहनाची आणि गोव्यातलीच होती. पण बोलण्याच्या ओघात ती ‘तीन दिवसांसाठी भाड्याने घेतली’ असे तो म्हणून गेला होता.

माझ्या हातून झालेली एक चूकही येथे सांगायला हवी. आईला रुग्णालयात नेण्याच्या घाईत मी एका कागदावर सही करून बसलो. ‘आमच्यात आपसांत समझोता झाला असून पोलीस तक्रार करायची नाही’ एवढाच मजकूर त्यावर होता. रकमेचा किंवा कोणाच्या चुकीचा उल्लेख नव्हता. मूळ कागद त्याच्याकडे आहे, माझ्याकडे फक्त फोटो आहे. पोलिसांत तक्रार मी आजवर दिलेली नाही.

विमा कंपनीला मी दुसऱ्याच दिवशी कळवले. माझा विमा, ज्याला आपण बोलताना ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतो, तो आहे आणि गॅरेजने दुरुस्तीचा अंदाज ६८,००० रुपये सांगितला आहे. विमा काढून देणारे प्रतिनिधी म्हणतात की दाव्याच्या अर्जात ‘दोन्ही चालकांची चूक’ असे लिहून मोकळे व्हा, काम लवकर होईल. मला ते पटत नाही. पण तसे न लिहिल्याने दावा अडकेल की काय, ही भीतीही आहे. तसे लिहिले तर दुरुस्तीची रक्कम निम्मीच मिळेल का, आईच्या उपचारांचा खर्च नेमका कोणाकडून मागायचा, आणि चालक पुण्याचा असल्यामुळे आम्हाला तिकडे खेटे घालावे लागतील का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना_सर्वेअर

आपण दोन निराळ्या दाव्यांची गल्लत करत आहात, आणि प्रतिनिधींनी ती दूर करण्याऐवजी वाढवली आहे असे दिसते.

आपल्या गाडीची दुरुस्ती हा आपला आणि आपल्या कंपनीचा करार आहे. ‘स्वतःच्या वाहनाचे नुकसान’ या भागाखाली चूक कोणाची हे पाहून रक्कम ठरत नाही. चूक पूर्णपणे आपली असती तरी, परवाना वैध असल्यास आणि मद्यपानासारखा अपवाद लागू नसल्यास, दुरुस्ती मिळाली असती. वजावट होते ती वेगळ्या कारणांनी. प्लास्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) धरतात, काचेवर धरत नाहीत, धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार धरतात. त्याखेरीज १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला १,००० रुपये आणि त्यावरील मोटारीला २,००० रुपये सक्तीने आपल्या खिशातून जातात. ‘झिरो डेप’, म्हणजे घसारा न कापण्याचे जादा संरक्षण, घेतलेले असेल तर घसाऱ्याचा प्रश्न बहुतांशी मिटतो. पुढच्या नूतनीकरणात ‘नो क्लेम बोनस’, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाईल, हा तोटा मात्र धरून चाला. बोनस ५० टक्क्यांवर पोहोचलेला असेल तर तो लहान नाही.

तेव्हा ‘दोन्ही चालकांची चूक’ असे लिहून आपल्याला एक रुपयाही लवकर मिळणार नाही, उलट आपल्याच सहीचे ते वाक्य उद्या समोरच्या कंपनीचे वकील मोठ्याने वाचून दाखवतील. अर्जात निष्कर्ष लिहू नये, घटना लिहावी: आपण कोणत्या दिशेने जात होता, वेग अंदाजे किती होता, दुसरी मोटार कोठून आली, धडक कोठे बसली. सोबत हाताने काढलेला साधा नकाशा जोडावा. आपल्या बाबतीत धडकेची जागा फार बोलकी आहे. त्याच्या मोटारीचे तोंड आपल्या दारावर आदळले, याचा अर्थ तो वळत असताना आपण तिठ्यावर पोहोचलेला होता. ‘मी आधी पोहोचलो’ हे त्याचे म्हणणे पत्र्याशीच जुळत नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांनी वाचलेली नसते. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने दोषाची कबुली, देकार किंवा आश्वासन देऊ नये, अशी अट आपल्या पॉलिसीत छापलेली असते. आपल्या कागदावर कबुली नाही, हे नशीब समजा. तरी तो कागद लपवू नका. कंपनीला फोटोसह लेखी कळवून ठेवा. कंपनीच्या सर्वेअरकडून नुकसानीची पाहणी, म्हणजे सर्वेक्षण, होईपर्यंत दुरुस्ती सुरू करू देऊ नका आणि सर्वेक्षण अहवालाची प्रत मागून घ्या.

डिचोलीचा_रहिवासी

काका, मनापासून आभार. सर्वेअर येऊन फोटो काढून गेले आहेत आणि काम अजून सुरू झालेले नाही. अर्ज आपण सांगितल्याप्रमाणे भरतो. आईच्या बाबतीत मात्र मी अजून अंधारातच आहे.

बार्देशची_वकील

आईचा दावा हाच या प्रकरणाचा खरा गाभा आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

आधी तो कागद. त्यावर सही आपली आहे, आईची नाही. आपल्या सहीने तिचा भरपाईचा हक्क सुटत नाही. हाड मोडणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार ‘गंभीर दुखापत’ ठरते, आणि निष्काळजीपणे वाहन चालवल्याबद्दल कलम २८१ व कलम १२५ लागू होतात. उशीर का झाला, हे तक्रारीतच सरळ लिहावे. आईची शुश्रूषा आणि चालकाने दिलेले खर्चाचे आश्वासन ही दोन्ही कारणे समजण्यासारखी आहेत. ठाण्यात नोंद झाली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवता येते. रुग्णालयाच्या पहिल्या नोंदीत ‘वाहन अपघात’ असे लिहिले आहे का, ते आजच तपासा. तेथे ‘घरी पडली’ असे लिहिले गेल्यामुळे पुढे नाकी नऊ आलेली प्रकरणे मी पाहिली आहेत.

गुन्हा नोंदवला गेला की पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे द्यावा, असे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. त्याच दिवसापासून लागू झालेली दुसरी तरतूद अधिक महत्त्वाची आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो. ‘कंपनीचे उत्तर येऊ दे, मग पाहू’ असे म्हणत बसू नये. पुण्याला जाण्याची गरज नाही. अपघात जेथे झाला किंवा अर्जदार जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, म्हणजे आपल्यासाठी उत्तर गोव्यातच.

आता अर्ध्या दोषाविषयी. समजा, न्यायाधिकरणाने खरोखरच ठरवले की दोष निम्मा-निम्मा आहे. मग घसाऱ्यामुळे न मिळालेली रक्कम वगैरे जे आपण स्वतःसाठी मागाल, त्यातून आपला निम्मा वाटा कापला जाईल. आईचे तसे नाही. ती गाडी चालवत नव्हती, म्हणून तिच्यापुरता हा दोन चालकांचा संयुक्त निष्काळजीपणा ठरतो, आणि अशा वेळी जखमी व्यक्ती संपूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करू शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा खेन्येई प्रकरणातील निकाल आहे. त्यामुळे अर्जात पुण्याचा चालक, त्या मोटारीचा मालक, त्याची विमा कंपनी आणि सोबत आपण व आपली कंपनी, या सर्वांना प्रतिवादी करावे. आईने मुलाला प्रतिवादी करायचे हे घरात विचित्र वाटेल, मला कल्पना आहे. पण ती केवळ कागदोपत्री मांडणी आहे आणि तिच्या हिताची आहे. चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये देणारे कलम १६४ ही आहे. कोणती वाट धरायची हे उपचारांचा एकूण खर्च पाहून ठरवता येईल.

भाड्याचा मुद्दा सोडू नका. रीतसर परवाना असलेल्या ‘रेंट-अ-कॅब’ची, म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या मोटारीची, पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. खासगी मोटार भाड्याने दिलेली असेल, तर पॉलिसीतील वापराच्या अटीचा भंग झाला म्हणून मालकाची कंपनी कलम १५० खाली हात झटकू पाहील. अशा प्रकरणांत अनेकदा आधी कंपनीने भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश होतो. पण तसा तो होईलच असे गृहीत धरून चालू नका. आपल्या कंपनीला प्रतिवादी करण्याचे हेही एक कारण आहे.

जाता जाता: मुख्य रस्त्यावर शिरणाऱ्याने त्या रस्त्यावरील वाहनांना वाट द्यावी, आणि तसा फलक नसेल तर निदान उजवीकडून येणाऱ्याला द्यावी, असा नियम आहे. आपण मुख्य रस्त्यावर होता आणि त्याच्या उजवीकडूनच येत होता.

डिचोलीचा_रहिवासी

ताई, आपले ऋण कसे फेडावे कळत नाही. रुग्णालयाच्या नोंदीत ‘वाहन अपघात’ असेच लिहिले आहे. तिठ्यावरच्या एका दुकानाचा कॅमेरा रस्त्याकडे तोंड करून आहे. पण दुकानदार म्हणतात, ‘आमकां कोर्टाचो त्रास नाका’. त्यांचेही चूक नाही.

तिसवाडीचा_प्रवासी

दादा, हे काम सगळ्यांत आधी करा. अशा यंत्रांत जुने चित्रण पुसून त्यावर नवे साठवले जाते, आणि आपल्या अपघाताला महिना होत आला आहे. माझ्या वेळी मी दुकानदाराला जबाब द्यायला सांगितलेच नाही. ते चित्रण जपून ठेवावे, अशी लेखी विनंती दिली, पोच घेतली आणि तक्रारीत त्या कॅमेऱ्याचा उल्लेख केला. पुढे पोलिसांनीच ते ताब्यात घेतले. चित्रणासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. त्याचे दोन भाग असून दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो.

शिवाय, आपल्या कंपनीने दुरुस्तीचा दावा रखडवला किंवा कमी केला, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा, आणि महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे. गोव्यासाठी त्यांचे कार्यालय मुंबईला आहे. समोरच्याच्या कंपनीविरुद्ध मात्र लोकपालाकडे जाता येत नाही, कारण तिचे आपण ग्राहक नाही. तिच्यासाठी न्यायाधिकरणच.

डिचोलीचा_रहिवासी

आज सकाळी तक्रार नोंदवली. चित्रण सुदैवाने शाबूत आहे आणि ती मोटार न थांबता वळल्याचे त्यात स्पष्ट दिसते. एकच अडचण आहे: कॅमेऱ्याचे घड्याळ सात मिनिटे पुढे आहे. समोरचे वकील यावर बोट ठेवतील का?

बार्देशची_वकील

ठेवू शकतील, म्हणून तो फरक आपणच आधी नोंदवून ठेवा. पोलीस चित्रण ताब्यात घेतील तेव्हा पंचनाम्यात यंत्रावरची वेळ आणि त्या क्षणाची प्रत्यक्ष वेळ अशा दोन्ही लिहायला सांगा, आणि दोन्ही एकाच चौकटीत दिसतील असा फोटो काढून घ्या.